सांडव्याची उंची

आमच्या मर्व्हला सगळं कळतं. मेंढ्यांतलं कळतं, इंजिनांतलं कळतं, आणि पाण्यातलं तर त्याच्या बापापेक्षा जास्त कळतं. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो. मी त्याची बायको, हिल्डा. लग्न झाल्यापासून हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

सिडनीच्या रेडिओवर मोठमोठ्या धरणांच्या बातम्या येतात, त्या आम्ही चॉप्स तळताना ऐकतो आणि सोडून देतो. इकडे आतल्या भागात ज्याच्या मेंढ्या त्याचं तळं. आमचं तळं म्हणजे घळीच्या तोंडाशी आडवा घातलेला मातीचा बांध. सासऱ्यांनी घोडे लावून तो घातला आणि तळाची चिकणमाती ओली करून वर मेंढ्यांचा कळप फिरवला. खुरांनी तुडवून तुडवून तळ असा घट्ट झाला की टिपूस मुरायचं नाही. तळं भरलं की जादा पाणी बांधाच्या टोकाला ठेवलेल्या सांडव्यावरून उतरायचं आणि कुंपणाखालून शेजारच्या क्लॅरी पेटिग्रूच्या तळ्यात जायचं. त्या सांडव्याची उंची सासऱ्यांनी आणि क्लॅरीच्या वडिलांनी तिथं उभं राहून ठरवली होती. कागद नाही, वकील नाही. हात मिळवले, बिअर प्यायले, झालं.

यंदा तिसरं वर्ष कोरडं गेलं. आमचं तळं आटलं, क्लॅरीचंही आटलं. दोघांनीही बाकीचा कळप विकून टाकला आणि फक्त गाभण मेंढ्या ठेवल्या. त्या जगल्या तर पुन्हा कळप उभा राहील, नाहीतर संपलंच सगळं. टँकरचं पाणी किती दिवस पाजणार? एक वळवाचा दणका बसून तळं भरलं असतं तर हिवाळ्यापर्यंत निभावलं असतं, एवढीच आशा.

तळं कोरडं पडलं की सगळे गाळ काढून घेतात. तसा मर्व्हनंही डोझर बोलावला. गाळ दुपारपर्यंत निघाला. मी मटणाचे सँडविच आणि चहा घेऊन गेले तर डोझर अजून खालीच घुरघुरत होता.

"अजून काय खणताय?" मी विचारलं.

"यंत्र दारात आलंच आहे तर हात-दोन हात खोल घेऊन टाकू. पाणी जास्त राहील."

"अरे, माती बघ. लाल चिकण संपली, खडे निघायला लागलेत. तो मुरूम आहे, मर्व्ह, पाणी धरायचा नाही!"

"तू चहा ओत. मेंढ्या फिरवल्या की बसेल सगळं."

निघालेली माती त्यानं बांधावर चढवली आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून सांडव्यातही भरली. सांडवा गुडघाभर उंच झाला. मग तळात चारा टाकून मेंढ्या उतरवल्या. कोरड्या मुरमात मेंढ्या काय तुडवणार, कपाळ? नुसता धुरळा उडाला. तेव्हा या शहाण्यानं माझ्या घरच्या टाकीला नळी लावली आणि छपरावरून जमवलेलं अर्धं पाणी त्या तळात ओतलं. मी इतकी संतापले की हातातली किटली फेकायचीच बाकी ठेवली. ओतलेलं पाणी कुठं गेलं ते दिसलंसुद्धा नाही. मर्व्ह म्हणाला, जमीन तहानलेली आहे, पहिलं पाणी पिणारच.

दुसऱ्या दिवशी क्लॅरी आला. तो आणि मर्व्ह एका बाकावर शिकले, एका संघातून क्रिकेट खेळले. तो कुंपणाला रेलून तळं बघत राहिला.

"काय रे, समुद्र खणतोयस काय? बोट घेतलीस का?"

"जळतोस होय, लेका?"

"खण तुला हवं तेवढं. पण तो सांडवा खाली घे, मर्व्ह. आपल्या म्हाताऱ्यांनी ठरवलेली उंची आहे ती."

"म्हातारे गेले. दुष्काळ माझ्या काळात पडलाय."

क्लॅरी हसायचा थांबला. "हे बघ, माझं तळं पक्कं आहे. मी नुसता गाळ काढला, तळाला हात लावलेला नाही. माझ्याकडे पाणी आलं तर मधलं फाटक उघडून टाकू. तुझ्या मेंढ्या, माझ्या मेंढ्या, सगळ्या पितील. तुझ्या तळाची मला खात्री वाटत नाही."

झालं! वर्मावरच बोट ठेवलं. मर्व्ह म्हणाला, "माझ्या तळाची काळजी तू करू नकोस," आणि पाठ फिरवून घरात आला. मी म्हटलं, तो खरं बोलतोय. तर माझ्याशीही दोन दिवस धड बोलला नाही.

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी आभाळ फाटलं. घळीतून तांबडं पाणी ओंडके घेऊन गर्जत आलं. आम्ही दोघं बांधावर धावलो, नखशिखांत भिजलो, आणि खोटं कशाला बोलू, मी रडत होते आनंदानं. पाणी बघता बघता जुन्या सांडव्याच्या उंचीला आलं. तेवढ्यात क्लॅरी फावडं घेऊन पलीकडून चढून आला.

"मर्व्ह! जुन्या खुणेला आलंय! आता पुढचं माझं!"

"आधी माझं भरू दे. भरलं की उतरेलच."

"आणि पाऊस थांबला तर?"

"थांबला तर तुझं नशीब."

"अरे, माती अजून भुसभुशीत आहे. चार फावडी मारली की वाट होईल. मारू का? सांग, मारू का?"

मी मर्व्हचा दंड धरून हलवला. "मारू दे त्याला! ऐक माझं!" त्यानं माझा हात झटकला आणि सांडव्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. क्लॅरी तगडा माणूस. मर्व्हला उचलून बाजूला ठेवणं त्याला जड नव्हतं. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या बांधाला त्यानं हो म्हटल्याशिवाय फावडं लावत नाहीत. तो पावसात तसाच उभा राहिला, पाण्याकडे बघत. थोड्या वेळानं पाऊस थांबला. पाणी नव्या सांडव्याच्या वीतभर खाली होतं. क्लॅरी फावडं खांद्यावर टाकून गेला.

संध्याकाळी मर्व्हनं बिअर उघडली. सकाळी उठून बघितलं तर पाणी खाली उतरून बांधाच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचा पट्टा दिसत होता, माणसाच्या उंचीचा. दुपारी तो आणखी रुंद झाला. मर्व्ह काठावर बसून होता, तोंडावर माशी बसली तरी हलत नव्हता. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "मुरतंय, हिल्डा." 

मग तो पळतच सुटला. पंप आणला, नळ्या जोडल्या, बांधावरून पाणी पलीकडे क्लॅरीच्या बाजूला उपसायला लागला. आवाज ऐकून क्लॅरी आला. मला वाटलं, आता हा हसणार, निदान एक शिवी तरी हासडणार. तो माघारी वळला. घरी जाऊन आपलाही पंप घेऊन आला. दोघं चिखलात गुडघाभर रुतून नळ्या पुढे सरकवत होते, मी आणि क्लॅरीची बायको मर्टल डिझेल वाहत होतो. पण पुराचा लोंढा वेगळा आणि नळीची धार वेगळी. दोन तळ्यांमधल्या, तीन वर्षं तापलेल्या ओढ्याची वाळू ती. मर्टल धारेच्या बरोबरीनं चालत खाली गेली आणि मध्यावरून परत आली.

"पुढे ओलसुद्धा नाही गं," ती म्हणाली.

तरी कुणी पंप बंद केला नाही. दोन्ही पंप चिखल ओढून खोकायला लागले तेव्हाच ते आपोआप बंद पडले.

पुढे पाऊस झाला नाही. गाभण मेंढ्या उठता उठेनात. त्या विकायला जावं तर कुणी फुकटसुद्धा नेईना. मग एकच उरतं. आमच्याकडे आपली जनावरं कुणी आपल्या हातानं मारत नाही. शेजारी येऊन मारतो, तोवर घरच्यांनी स्वयंपाकघरात बसायचं. मग शेजाऱ्याची पाळी आली की आपण जायचं. आमच्याकडे क्लॅरी आला. नीट, एकेका गोळीत, कुणाला तडफडू न देता त्यानं काम उरकलं, नळाखाली हात धुतले आणि टोपी घालून गेला. मर्व्ह टेबलावर डोकं टेकून बसला होता.

आठवड्यानं क्लॅरीची पाळी आली. मर्व्ह सकाळीच दाढी करून, रायफल घेऊन निघाला. मी मर्टलला सोबत म्हणून गेले. तिनं किटली चढवली, ओव्हनमधून गरम स्कोन-पाव काढले, खायला कुणालाच नको होते. क्लॅरी मर्व्हला मेंढ्यांच्या वाड्यापर्यंत सोडायला गेला. आम्ही दोघी पहिल्या बाराची वाट बघत बसलो. बार होईना.

इतक्यात दार उघडलं आणि मर्व्ह आत आला. हात रिकामे. टोपी न काढताच तो खुर्चीशी येऊन उभा राहिला. मी ओढून दिली.

"नेम धरवेना," तो म्हणाला. "गाभण आहेत गं सगळ्या. क्लॅरी म्हणाला, जा, बायकांबरोबर चहा घे."

मर्टलनं त्याच्यापुढे कप ठेवला, दूध घातलं, साखर ढवळली. तेवढ्यात बाहेर पहिला बार झाला. मग दुसरा. मर्टल हातातला चमचा तसाच धरून खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. मर्व्ह आमच्यासमोर बसलेला होता, त्यामुळे बाहेर बंदूक कुणाच्या हातात आहे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.