सुशीलाबाईंच्या हातातला कंट्रोलर

मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर बोलतोय. मुक्काम सदाशिव पेठ, दुसरा मजला. घरात मला सगळे रिमोट म्हणतात. मीही आता ऐकून घेतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथे माझं एकेक बटण शेकडो वेळा दाबून पाहिलं आणि मगच मला खोक्यात घातलं. जगात सगळ्यांनाच असं तपासून पाठवत असतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

मला घरी आणलं रणजितनं, पण त्याचा उत्साह आठवडाभरच टिकला. मग मी त्याच्या आईच्या, सुशीलाबाईंच्या हाती आलो. बाईंनी चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरात बसणं आलं. "मालिकांपेक्षा हे बरं," म्हणत त्यांनी तीन दिवसांत माझी सगळी बटणं पाठ केली.

दिवाळीत एक नवा गेम आला. तो बाईंच्या सुनेच्या, राजनंदिनीच्या कंपनीचा होता. सून तिथे 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करते, एवढंच बाईंना ठाऊक. गेममध्ये घोड्यावरून पत्र घेऊन गडावर पोचायचं होतं.

घोडा पुलावर आला की पुलातून खाली जायचा. किल्लेदार भिंतीशी बोलायचा आणि त्याच्या मिश्या त्याच्यापुढे हातभर हवेत तरंगायच्या. मग गेम बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! बाई अकरा वेळा पहिल्यापासून खेळल्या. बाराव्यांदा रणजितनं मला घेतलं आणि घोडा बुडताच सोफ्यावर आपटलं.

"त्याला कशाला मारतोस? त्यानं काय केलंय?" बाई म्हणाल्या. माझ्या बाजूनं कुणीतरी पहिल्यांदाच बोललं.

बाईंनी वही काढली, लाल पेन घेतलं आणि चुका लिहिल्या. त्रेचाळीस भरल्या. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी वही सुनेपुढे ठेवली आणि विचारलं, "हा गेम तपासला कोणी?"

राजनंदिनीनं वही चाळली आणि कप खाली ठेवला. "मीच, आई. तपासणं हेच माझं काम. यातल्या एक्केचाळीस चुका मी लिहून दिल्या होत्या. साहेब म्हणाले, तारीख जाहीर झालीय, आधी बाजारात जाऊ दे, दुरुस्ती नंतर करू."

"आणि उरलेल्या दोन?"

"त्या माझ्या नजरेतून सुटल्या."

"त्रेचाळीसपैकी एक्केचाळीस. उत्तम. आता साहेबांना किती पडतात ते बघू."

शनिवारी ऑफिसात घरच्यांसाठी कार्यक्रम होता. बाई एका हातात काठी आणि पर्समध्ये मी, अशा पोचल्या. शुभंकर साहेब गेमच्या यशावर बोलत होते. भाषण संपताच बाईंनी मला पुढे केलं. "साहेब, आपण जरा खेळून दाखवता का?"

मोठ्या पडद्यावर घोडा बुडाला. साहेब हसले. दुसऱ्यांदा बुडाला, तेव्हा थोडं कमी हसले. तिसऱ्यांदा त्यांच्या तळव्यांना घाम फुटला; हे फक्त मला कळलं. "दर वेळी पहिल्यापासून?" ते पुटपुटले.

"हो ना. मी अकरा वेळा गेले. आपलं अजून आठ वेळा बाकी आहे. मला घाई नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. राजनंदिनी मात्र पांढरीफटक पडली होती. नोकरी गेलीच, असं तिला वाटलं असणार. साहेबांनी मला टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे वळले. "तुमची ती यादी... सोमवारी घेऊन बसू या."

बसले. दीड महिन्यानं गेम दुरुस्त झाला. आता नव्या गेमची तारीख राजनंदिनीनं 'हो' म्हटल्याशिवाय जाहीर होत नाही.

मी मात्र थकलोय. माझी अंगठ्यानं फिरवायची डावी दांडी आपोआप कलते आणि पडद्यावर सरळ चाललेला माणूस झुडपात शिरतो. परवा राजनंदिनी म्हणाली, "आई, हा बदलू या का?"

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "हा काम करून करून बिघडलाय. तुमचा गेम बिघडूनच जन्माला आला होता."

वाचकहो, चिडा, जरूर चिडा. फक्त हातात आहे त्याला आपटू नका. वही काढा.