दोनाच्या जागी चार

काचपट्टीच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, तिच्यावर तिचंच अक्षर — 'सतरा-ब, औषधाविना' — आणि अंगठ्याखाली ती गार काच... मृणालीने पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पाहायची गरज नव्हती. गेले आठ महिने कॉलेजात आल्याआल्या देवदर्शन घ्यावं तशी ती हे बघत आली होती. सी-अर्चिनच्या, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या त्या काटेरी समुद्री जिवाच्या, एकाच अंड्यात सेंट्रिओलचे चार ठिपके. हवे होते दोनच, पेशी दुभंगताना तिची दोन टोकं धरणारे ते इवले कण. आणि आज अकरा वाजता, खालच्या सभागृहात, ती हे व्याख्यानाला येणाऱ्या सलिल सरांच्या तोंडावर फेकणार होती.

नियम किती साधा — पेशी दुभंगण्याआधी प्रत्येक जुन्या सेंट्रिओलने आपल्या कुशीला एकच नवा घडवायचा, एकच, आणि तो चिकटून आहे तोवर दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. पेशी विभागली, दोघं सुटे झाले, की मग पुन्हा मुभा. सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, शोधनिबंध लिहून जगाला सांगितलं होतं की आपल्या औषधाने हा लगाम तुटतो, एकाच फेरीत जास्तीचे सेंट्रिओल निघतात. पुराव्याचे फोटो तिने काढलेले. मोजणी तिची — सहाशे अंडी, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आणि निबंधावर नाव? सरांचं, त्यांच्या पुण्याच्या दोन मित्रांचं. तिचं अगदी शेवटी, आभारांत : नमुने आणून दिल्याबद्दल. नमुने आणून दिल्याबद्दल! जणू मी दारावर बांगडे टाकून गेले होते... दोन वर्षं झाली, तरी ते तीन शब्द आठवले की तिच्या कानशिलांत जाळ उठायचा.

तेव्हा ती गप्प बसली, डूख धरून. इथे नोकरी घेतली. मग एकदा जुनं खोकं आवरताना ही पट्टी हाती लागली — त्याच दिवसाच्या, पण औषध न घातलेल्या अंड्यांची. सरांच्या घाईत ती मोजायची राहिली आणि तुलनेला भलत्याच दिवसाची मोजणी लावली गेली — आणि हिच्यातही चारच! मग औषधाने काय दिवे लावले? तिला तो दिवस लख्ख आठवला : मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर ओहोटी उशिरा लागली, जीव आणेस्तोवर दुपार कलली, अंडी आता टिकायची नाहीत या धास्तीने तिने शुक्रद्रव दोनाऐवजी चार थेंब सोडला, एकही अंडं वाया जाऊ नये म्हणून. या जिवात सेंट्रिओलची जोडी येते ती शुक्राणूबरोबर. अंड्यात एकाऐवजी दोन शुक्राणू घुसले की ठिपके दुप्पट. लगाम तुटलाच नव्हता. चूक माझी, कबूल. पण आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं तर बीळ तपासून घ्यावं माणसाने! हे सुचलं तेव्हा ती रिकाम्या प्रयोगशाळेत एकटीच मोठ्याने हसली होती.

"बाय गो, सायेब आले ना," प्रयोगशाळेचे जुने शिपाई रघूकाका दारातून म्हणाले. "मगासपासना तुजा इचारतायत. चाय पण नको बोलले."

"काय विचारतात?"

"मृणाली हाय काय, बस. वाळलेत हां बरेच."

वाळू देत. तिने पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि जिना उतरली. प्रश्न पाठ होता, अगदी सौम्य, विद्यार्थिनीला शोभेल असा : सर, त्याच दिवसाची औषधाविना अंडी आपण मोजलीत का? बस, एवढंच. पुढचं सभागृह करील.

ती तिसऱ्या रांगेत बसली. सर खरंच वाळले होते. कोट खांद्यावरून ओघळत होता. पडद्यावर तो फोटो आला, चार ठिपक्यांचा, आणि सर बोलता बोलता थांबले.

"हे काम मृणालीचं. फोटो, मोजणी, सगळं. ती इथेच बसलीय. निबंधावर तिचं नाव पहिलं हवं होतं. मी ते घातलं नाही... मला लाज वाटते त्याची."

टाळ्या. शेजारच्या बाईंनी तिचा हात दाबला. सरांना निबंधातल्या चुकीचा वास लागलाय, ती माझ्या पदरात घालून मोकळे होतायत? की खरंच?... चेहऱ्यावरून काही कळेना. आता विचारलं तर बुडणार दोघंही, आणि आधी मीच. आणि नावच तर हवं होतं ना मला, दोन वर्षं मनाला हेच सांगत आले ना मी — मिळालं की, चारचौघांत, माफीसकट! तिने राग निवण्याची वाट पाहिली. तो निवला नाही. होता तिथेच होता, तेवढाच, आता त्याला कारणही उरलं नव्हतं.

"काही प्रश्न?" सरांनी विचारलं, आणि थेट तिच्याकडे पाहिलं.

हात वर गेलेला तिला नंतर दिसला. स्वतःचाच. तिला स्वतःची भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तरी तो खाली घ्यावासा वाटेना.