आतून आडवं, बाहेरून उभं

लखनच्या लग्नात नवरी आपल्याच गाडीतून येईल, हे मी साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं. मला कोणी विचारलं नव्हतं. लखन माझ्या मोठ्या भावाचा, देवसिंगचा, मुलगा. देवसिंगच्या मनात पांढरकवड्याहून भाड्याची गाडी आणायची होती, ड्रायव्हरसकट, फुलं लावलेली. मी म्हटलं, "घरची गाडी असतानी लोकाची कायले?"

घरची म्हणजे माझी. ती मी जुनीच घेतली होती, पण तांड्यावर सांगताना 'जुनी' हा शब्द मी गिळून टाकत असे. आमच्या बंजारा पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला. रानावनातून, अंधारातून, नद्यानाल्यांतून. त्यांच्यातला कोणी वाट चुकल्याचं ऐकिवात नाही. तो मान मला मिळायचा होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी गाडी लिंबाखाली लावली आणि आतून चमकवायला बसलो. बाहेरून तर कोणीही धुतो. मी दुकानातून डॅशबोर्डचं पॉलिश आणलं होतं. बाटलीवर लिहिलं होतं थोडं घ्या. मी भरपूर घेतलं, कारण लग्न घरचं होतं. डॅशबोर्ड असा चकाकला की त्यात मला माझ्या मिशा दिसल्या. फडक्यात पॉलिश अजून शिल्लक होतं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याच फडक्यानं मी समोरची काच आतून पुसली.

पुसल्यावर काचेवर इंद्रधनुष्य उमटलं. रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतं, तसलं.

मग मी कपडे धुवायच्या पावडरचा फेस केला आणि तो काचेला फासला. चैताचं ऊन. फेस पुसायच्या आधीच वाळला आणि काचेवर भिंतीचा पोपडा सुटावा तसे डाग राहिले. मग वर्तमानपत्र घेतलं. त्याची शाई काचेपेक्षा माझ्या हाताला जास्त लागली आणि हात टेकला गाडीच्या पांढऱ्या छताला. तिथं माझे पंजे उमटले, घरात लक्ष्मी आल्यासारखे, फक्त काळे.

मग मोबाइल उघडला. एक बाई सांगत होत्या, पाण्यात व्हिनेगर टाका. व्हिनेगर आमच्या तांड्यावर कोण ठेवणार? मी पांढरकवड्याला जाऊन चायनीजच्या गाडीवाल्याकडून बाटलीच घेऊन आलो. पुसताना गाडीत मंच्युरियनचा वास सुटला. फडकं मात्र तेच. दर वेळी नवं औषध, फडकं तेच. हे मला तेव्हा सुचलं नाही.

माझी बायको सोनीबाई ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "काच पुसून राह्यले का काचेले जेवू घालून राह्यले?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. संध्याकाळपर्यंत काच बरी दिसायला लागली होती. सावलीत काच बरीच दिसते. सावलीत मीसुद्धा बरा दिसतो.

नवरी मारेगावकडच्या तांड्यावरची. नाव बबिता. जाताना ऊन डोक्यावर होतं, त्यामुळं काचेनं काही सांगितलं नाही. नवरदेव माझ्या शेजारी बसला होता, वऱ्हाड मागून बसनं येत होतं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पाठवणीची वेळ आली तेव्हा सूर्य कलला होता. आम्हाला परतायचं होतं पश्चिमेला, करंजीच्या अंगानं. म्हणजे सूर्य सगळी वाट समोर राहणार होता. ड्रायव्हरनं याचा विचार करायला हवा होता. पण मी स्वतःला ड्रायव्हर समजतच नव्हतो, मी नवरीचा काका-सासरा होतो.

मागच्या सीटवर बबिता आणि तिची पाठराखीण लालीबाई बसल्या. लालीबाई म्हणजे बबिताची आत्या, वयस्क, जाणकार बाई. आमच्यात मुलगी माहेर सोडते तेव्हा गळा काढून ढावलो म्हणते. माहेरच्या एकेकाचं नाव घेऊन, रडत रडत. गाडी सुटली तशी बबितानं ढावलो सुरू केला. आवाज चांगला होता. आईचं झालं, बापाचं झालं, भावाचं सुरू झालं. लालीबाई मधूनमधून साथ देत होत्या. माझेही डोळे भरून आले. म्हणून समोरचं अंधूक दिसतंय, असं मला वाटलं.

मी डोळे पुसले. तरी अंधूकच.

ऊन काचेवर आडवं पडलं होतं आणि माझी आदल्या दिवशीची सगळी मेहनत त्यात उजळून निघाली होती. पॉलिशची गोल गोल वळणं, फेसाचे ओघळ, माझी बोटं. काचेपलीकडे सडक नव्हतीच. पांढरा पडदा होता आणि त्यावर माझीच कला.

थांबावं, असं शहाण्या माणसाला वाटलं असतं. मी फक्त हळू केली. मान खिडकीतून बाहेर काढली, मग आत घेतली, मग स्टिअरिंगखालून बघितलं. तेवढ्यात समोर काहीतरी मोठं, काळपट दिसलं. ट्रक असावा. मी हॉर्न दिला. तो हटेना. गाडी थांबवून मी परत हॉर्न दिला, चांगला लांबलचक.

"काहून थांबले काका?" लखननं विचारलं. फेट्याच्या झिरमिळ्या तोंडावर आल्यानं त्यालाही नीट दिसत नव्हतं.

"समोरचा हटूनच नाही राह्यला. कसे लोकं असते पाय. लग्नाची गाडी हाये, थोडी तरी लाज..."

मी परत हॉर्न दाबला. मागचा ढावलो भावाच्या नावावर अडला. बबितानं खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहिलं आणि रडक्याच आवाजात म्हणाली, "काकाजी, थे पऱ्हाटी हाये."

मी उतरून पाहिलं. सडक उजवीकडे राहिली होती. मी गाडी कोणाच्या तरी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घातली होती आणि कापूस वेचून झाल्यावर उपटून रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाला बाजूला हो म्हणत होतो. ढिगाच्या मागं दोन हातांवर विहीर होती. कठडा नसलेली.

पऱ्हाटीनं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे मी गाडीत कोणाला बोललो नाही. लखन माझ्यामागून उतरला होता, त्यानं पाहिलं. त्यानं स्वतः गाडीत बसून ती हळूच मागं घेतली आणि सडकेच्या कडेला आणून लावली. तेव्हा मला आठवलं की तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे आणि तिथली पिकअप रोज चालवतो.

"ऊन उतरेपर्यंत थांबू," मी म्हटलं.

"मुहूर्त टळन," लालीबाई म्हणाल्या. "पुसा ना काच."

मी सीटखालून माझं फडकं काढलं आणि जोरात घासायला लागलो. मागून आवाज आला, "काकाजी, थे फडकं फेका."

बबिता होती. डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं, पण रडं थांबलं होतं. तिनं फडकं मागून घेतलं, दोन बोटांत धरून हुंगलं. "यात तेल हाये. तुम्ही तेल पुसून नाही राह्यले, तेल फिरवून राह्यले."

तिनं मारेगावात पार्लरचा कोर्स केला होता. तिथं आरशांवर दिवसभर केसांचा स्प्रे उडायचा आणि संध्याकाळी पुसायचं काम आळीपाळीनं मुलींकडं असायचं. तिला दोन फडकी हवी होती, सुती, जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, तेल न लागलेली. एक ओलं, एक कोरडं. गाडीत सगळं होतं, हे नव्हतं. लखनचा फेटा होता, तर तो नवा, पाणी न पिणारा. लालीबाईंच्या शिदोरीचं कापड होतं, तर त्याला पुऱ्यांचं तूप. आमच्या अंगावर सगळं नवंकोरं, भरजरी, निरुपयोगी.

जुनं, सुती आणि मऊ असं त्या गाडीत एकच वस्त्र होतं. ते माझ्या सफारीच्या आत होतं.

सोनीबाईनं मला लग्नासाठी नवी बनियान घेऊन ठेवली होती. मी ती टोचते म्हणून जुनीच घातली होती. मी पऱ्हाटीच्या ढिगामागं गेलो, विहिरीकडे न बघता, आणि बनियान काढून आलो. सफारीची बटणं लावायला गेलो तर पोटावरचं तुटलं. बबितानं बनियान उजेडात धरून पाहिली. आरपार दिसत होतं. "हे बेस हाये," ती म्हणाली आणि टरकन तिचे दोन तुकडे केले.

"पाण्यात टाकाले काही असतं तर..."

"व्हिनेगर हाये!" मी ओरडलोच. बाटली डिकीत होती. एवढ्या वेळात मला पहिल्यांदाच काहीतरी बरोबर आलं होतं आणि मी ते सगळ्यांना दोनदा ऐकवलं.

आता पुसणार कोण? मी स्टिअरिंगमागं बसून वाकलो, तर काचेच्या आधी माझं पोट पोचलं. काच जिथं डॅशबोर्डला मिळते त्या सापटीत माझा हात जाईना. बबिता उतरायला निघाली, तर लालीबाईंनी पदर धरला. "नवरीनं वाटंत पाय खाली टाकू नये."

मग ती खाली न उतरताच दोन सीटांच्या मधून पुढं आली, शालू सावरत, बांगड्या मागं सारत, आणि पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसली. ओल्या तुकड्यानं थोडं थोडं पुसायची, लगेच कोरडा फिरवायची, घडी उलटून घ्यायची. हात उपडा करून बोटांच्या टोकांनी ती त्या सापटीतसुद्धा पोचली. लखनला तिनं बाहेरून पुसायला लावलं, फेट्याचं टोक ओलं करून. एवढ्यापुरतं ते चालेल म्हणाली.

लखन आणि बबिता फोनवर बोलत असत म्हणे. पण मोठ्या माणसांसमोर आजवर त्यांनी एकमेकांकडे नीट पाहिलंही नव्हतं. आता दोघांच्या मध्ये फक्त काच होती.

"तुमच्याकडून ओघळ हाये," ती आतून म्हणाली.

"माह्याकडून नाही. तुह्याकडून हाये."

"मी आडवं पुसून राह्यली. हा उभा हाये. तुम्ही उभं पुसून राह्यले ना? मंग उभा ओघळ तुमचा."

लखननं वाकून पाहिलं. ओघळ उभाच होता. "बरं," तो म्हणाला आणि पुसायला लागला. मग थोड्या वेळानं त्यानं काचेवर बोट टेकवलं. "हा आडवा कोणाचा?"

बबितानं तो गुपचूप पुसला. मग तिला हसू आलं. मग त्यालाही आलं. लखन नको तिथंही पुसत होता आणि ती आतून बोटानं दाखवत होती, इथं, इथं, अजून इथं. मी बाजूला उभा राहून सफारीचं पोट हातानं धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात वऱ्हाडाची बस येऊन थांबली. पहिली सोनीबाई उतरली, मागून देवसिंग धावत आला. त्यांना दिसलं ते असं: नवरी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर गुडघ्यावर, नवरदेव बोनेटवर ओणवा, फेटा सुटलेला, आणि मी पोट धरून सडकेवर.

"काय झालं? कोणाले लागलं?" देवसिंग ओरडला.

"काही नाही. काच पुसून राह्यलो," मी म्हटलं.

सोनीबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बबिताच्या हातातल्या तुकड्याकडे. तिनं बनियान ओळखली. पदराची पिन काढून तिनं माझ्या पोटावर लावली, आणि लावताना मला थोडी टोचली. चुकून नाही.

देवसिंगला लखननं बाजूला नेऊन पऱ्हाटीचा ढीग दाखवला. त्यामागची विहीरही दाखवली असावी, कारण भाऊ परत आला तेव्हा त्याचा आवाज एकदम खाली आला होता. लहानपणी मी झाडावरून पडलो होतो, तेव्हा तो असाच बोलला होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उत्तम, चाबी लखनले दे."

"नवरदेव गाडी चालवन? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं म्हणतीन, पोचले."

मी चावी दिली. काच इतकी स्वच्छ झाली होती की आधी मला ती आहे की नाही तेच कळेना. बबिता पुढं बसली होती, ती मागं जायला निघाली. लालीबाई म्हणाल्या, "राहू दे आता, काच परत धुरकटली तर कोण पुसन?" मग मीच मागं बसलो, लालीबाईंच्या शेजारी. गाडी निघाली. पुढची दोघं हळू आवाजात बोलत होती. पार्लर कुठं टाकायचं, केळापूरच्या यात्रेला गर्दी किती असते, असलं काहीतरी. लालीबाईंना ते पटत नव्हतं. अर्धा ढावलो टाकून नवरीनं हसू नये, असं त्या मला सांगत राहिल्या. मी म्हटलं, मी रडू का? त्यांनी माझ्याकडे खरोखरच अजमावून पाहिलं आणि नको म्हणाल्या.

दिवस मावळायच्या आत आम्ही तांड्यावर पोचलो. ओवाळणी झाली, बबितानं माप ओलांडलं, आणि काचेची गोष्ट बसमधल्या बायकांनी फोनवरून आमच्या आधीच घरोघर पोचवली होती. देवसिंगनं मात्र विहिरीचं कोणालाच सांगितलं नाही. ते त्यानं माझ्यासाठी झाकून ठेवलं, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालीबाई परत निघाल्या. मी आंघोळ करून, नवी टोचणारी बनियान घालून, गाडी काढून तयार उभा होतो. म्हटलं, मारेगावपर्यंत सोडतो, काच आता आरशासारखी आहे. लालीबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग उगवत्या सूर्याकडे. मारेगाव पूर्वेला.

"एसटी हाये ना," त्या म्हणाल्या.

मी गाडी परत लिंबाखाली लावली आणि त्यांची पिशवी उचलून फाट्यापर्यंत त्यांच्यासोबत पायी गेलो. वाटेत त्यांनी बबिताला काय आवडतं, काय नाही, कशानं ती रुसते, ते सगळं मला समजावून सांगितलं. एसटी आली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "पोरीवर लक्ष ठेवजा, भाऊ." मी मान डोलावली आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.