फळ्यावरचं पाणी

मी एक जुनी मोजपट्टी आहे. माण तालुक्यातल्या एका वस्तीच्या तळ्यात, बांधाच्या आतल्या उतारावर, पायऱ्यांच्या कडेने मी झोपवलेली आहे. माझ्या ज्या आकड्यापर्यंत पाणी पोचतं, तेवढे सेंटिमीटर पाणी तळ्यात आहे असं समजायचं. मित्रांनो, याखेरीज मला दुसरं काही येत नाही.

पलूसच्या एका वेल्डिंगच्या दुकानात मोहिद्दीन मिस्त्रींनी मला घडवलं. पांढऱ्या रंगावर काळे आकडे काढताना त्यांची एक रेघ जराशी खाली गेली. ती खरवडून त्यांनी पुन्हा काढली. "कोण बघतंय मिस्त्री, तळ्यातच तर जायची ती," दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. "म्हणून तर," मिस्त्री म्हणाले, "तिथं तिला कोन विचारनार, बाई तू खरं बोलतीस का?"

बारा वर्षं मी खरं बोलले. फौजेतून निवृत्त झालेले लालासाहेब रोज सकाळी पायऱ्या उतरून यायचे, चष्मा सावरून आकडा वाचायचे आणि शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचे. त्यावरून वस्ती ठरवायची. ज्वारीनंतर हरभरा करायचा का, आणि दिवाळीनंतर वस्तीतल्या धुळा मेंढपाळाने मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी उतरायचं का. पाऊस संपल्यावर पाणी रोज एक सेंटिमीटर उतरायचं. लालासाहेब कौतुकाने म्हणायचे, "हिचं काम लय शिस्तीचं हाय. पलटणीत शोभली असती."

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये धुळा पलूसकडून परतला, तो ओल्या पोत्यात पाच रोपं घेऊन. फुगीर देठ, गुळगुळीत पानं, जांभळा तुरा. जलपर्णी.

"नदीत ही अशी पसरलीया की पानी दिसत न्हाई," तो सांगत होता. "तिथला उसवाला वढून काढतो अन खत करतो. मला सुचलं, आबा, आपल्या तळ्याला हिचं छप्पर करू. ऊन पान्याला लागायचंच न्हाई."

"डोकं हाय गड्या तुला," लालासाहेब म्हणाले.

धुळाने रोपं सोडली. गणपतीपर्यंत अर्धं तळं झाकलं, दिवाळीपर्यंत सगळं. सुरुवातीला वस्तीला ती आवडलीही. मेंढरं कोवळी पानं कुरतडायची. धुळाची बायको विजयमाला कडेची रोपं ओढून उकिरड्यावर टाकायची. त्याचं खत चांगलं होई. तुरे देवळात गेले. माळावर गवताची काडी नसताना आमचं तळं मात्र हिरवंगार होतं.

खाली काय चाललं होतं ते मला दिसत होतं. उजेड बंद झाला. मासे तोंडं वर काढून हवा गिळू लागले, मग पोटं वर करून देठांत अडकले. हिवाळ्यात येणारी बदकं घिरट्या घालून न उतरताच निघून गेली. आणि पाणी वाचलं नाही. छपराला तहान नसते. या झाडांना होती. मुळांनी पाणी ओढायचं आणि पानांनी ते हवेत सोडायचं, दिवसभर. जिथे रोज एक सेंटिमीटर पाणी जायचं तिथे दोनाहून जास्त जाऊ लागलं. पानांच्या खाली माझे आकडे एकामागून एक कोरडे पडत होते.

पाणी उतरलं तरी कडेची झाडं चिखलात मुळं रोवून तिथेच उभी राहिली. त्यामुळे पाणी कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो, हे बांधावरून कळेना. लालासाहेबांनी एकदा काठीने पानं सारली. खालून साप सळसळला. त्यानंतर ते पायऱ्या उतरेनासे झाले. पण फळा रिकामा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाणी रोज एकाने उतरतं हे त्यांना पाठ होतं. म्हणून ते रोज कालच्या आकड्यातून एक वजा करू लागले.

त्या फळ्याच्या भरवशावर धुळाने दिवाळीला ठरवलं की यंदा खाली जायचं नाही. मुलगी शिवांजली नववीत होती. दर वर्षी तिची शाळा अर्ध्यात सुटायची आणि परीक्षा बुडायची. विजयमालाची एकच इच्छा होती. या वर्षी पोरीने शेवटचा पेपर देऊनच उठावं.

जानेवारीत तळ्याशेजारच्या विहिरीवर विजयमालाचा दोर अपुरा पडला. लालासाहेब म्हणाले, "झरा बुजला आसंल." तिने दोर वाढवला. फेब्रुवारीत तो पुन्हा अपुरा पडला. तेव्हा ती रिकामी घागर घेऊन फळ्यासमोरच जाऊन उभी राहिली. फळ्यावर दोनशे वीस होते.

"आवं आबा, फळ्यावर पानी हाय, हिरीत न्हाई. मेंढरास्नी काय फळा चाटायला लावू?"

सगळे तळ्याच्या बांधावर आले. शिवांजलीने कमरेला दोर बांधला, त्याचं टोक आईच्या हातात दिलं आणि ती पानं तोडत माझ्या कडेने खाली उतरली. एक पायरी, दुसरी, सहावी. त्याच्याही खाली. गुडघाभर चिखलात उभं राहून तिने तळहाताने मला पुसलं.

"शहात्तर!"

"दोनशे शहात्तर?" वरून लालासाहेबांनी विचारलं.

"न्हाई आबा. नुसतं शहात्तर."

सगळी वस्ती तळ्यात उतरली. दहा दिवस दाताळी, विळे आणि हात चालले. बांधावर ढीग लागले. तळं मोकळं झालं तेव्हा मी एकोणसाठ दाखवत होते. त्यातले खालचे दहा सेंटिमीटर नुसता गाळ होता. लालासाहेब पुन्हा रोज उतरू लागले, खाली वाकून वाचू लागले. पाणी जुन्या शिस्तीने रोज एक उतरत होतं. एकूण एकोणपन्नास दिवसांचं पाणी उरलं होतं. म्हणजे बारा एप्रिल. शिवांजलीचा शेवटचा पेपर सतरा एप्रिलला होता.

पाच दिवस कमी पडले. टँकर यायचा, पण तो माणसांपुरता. दोनशे मेंढरांना त्यातलं पाणी कोण देणार?

बाराच्या सकाळी धुळाने घोड्यावर बिऱ्हाड बांधलं. लालासाहेब बांधावर आले. "पोरगीला माझ्याकडं ठिवा," ते म्हणाले. "चूक माझी हाय. पाच दिसांचा तर सवाल."

धुळाने बायकोकडे पाहिलं. उत्तर शिवांजलीनेच दिलं.

"आबा, एकतीस कोकरं हायती. उन्हात चालायची न्हाईत, उचलावी लागत्यात. आईबाचं चारच हात हायत."

तिने दोन कोकरं काखेत घेतली आणि ती चालू लागली. तिच्या पाठोपाठ मेंढरं, मग धूळ. लालासाहेबांनी फळ्यावर दहा लिहिलं आणि ते तिथेच उभे राहिले.

मित्रांनो, आज तळं कोरडं आहे. गाळ भेगाळला आहे आणि त्या भेगांत जलपर्णीचं बी पडलं आहे. ते वर्षानुवर्षं तग धरतं. पाऊस आला की पाणी चढेल आणि तेही चढेल. पाच पानं दिसतील तेव्हाच ती उपटा. पाचशेची वाट पाहू नका. आणि आकडा लिहायच्या आधी खाली उतरून मला पुसा. मी हाक मारू शकत नाही. माझ्यापाशी येऊन कुणी वाकलं, तरच मला खरं सांगता येतं.