शेवटच्या पानांना टाके

मित्रांनो, मी आहे वाचनालयातली एक जुनी कादंबरी. पुठ्ठा सैल झाला आहे, पण देवाच्या कृपेने पानं शाबूत आहेत. माझ्या गोष्टीतला मुलगा परदेशी जातो आणि वीस वर्षांनी घरी परततो. छापखान्यातून आले तेव्हा वाचणारे मला आधी नाकाला लावीत, मग डोळ्यांना.

एक बसचालक मला वाचून मिटत म्हणाला, "पण हा गेलाच कशाला? इथे काय कमी होतं?"

त्याची बायको म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आलात तरी दमता. तुम्हाला काय कळणार!"

मग मला शिवणकाम करणाऱ्या मावशींनी नेलं. त्यांचा मुलगा नऊ वर्षं परदेशात होता. 'यंदा नक्की येतो' असं दरवर्षी कळवायचा. मशीनला टेकवून त्या मला वाचत. शेवटी माझ्या गोष्टीतला मुलगा दाराशी पोहोचतो आणि दार उघडायला आईच उरलेली नसते. मावशींनी डोळे पुसले, सुई ओवली आणि शेवटची दोन पानं चक्क एकमेकांना शिवून टाकली!

ग्रंथपालबाई कडाडल्या, "मावशी, हे पुस्तक आहे की उशीचा अभ्रा?"

"लिहिणाऱ्याला म्हणावं, पोराला थोडं आधी धाडायचं होतं. असं अभद्र लिहू नये हो."

बाईंनी कात्री उचलली. मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा खणात ठेवली.

एका ओवीवर दहा निरूपणं व्हावीत, तसे माझे दहा शेवट झाले. कोणी म्हणे, आई मिठी मारते. कोणी म्हणे, आधी चांगली झापते. टाके मात्र कोणी उसवले नाहीत. पुढे नवी पुस्तकं आली आणि मी मागच्या रांगेत धूळ खात बसले.

परवा एका उंच माणसाने मला मागितलं. मागे मावशी उभ्या होत्या, केस पार पिकलेले. त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"आई, शेवटी काय होतं गं?"

"उसव आणि वाच. आता मला भीती नाही. मी आहे ना तुझ्यासमोर!"

त्याने उभ्या उभ्या वाचलं. आईच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि दोघं घरी गेली.

मित्रांनो, माझी पानं दुमडू नका, फाडू नका. शेवट पटला नाही तर खुशाल भांडा. पण घरी कोणी वाट पाहत असेल, तर मला अर्धी टाकून निघा. मी कपाटात कितीही दिवस थांबेन. माणसांना तेवढं थांबायला लावू नका.