धुक्यातली डुरकी

माझे सासरे वेन्देल यांना कमी ऐकू येतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते स्वतः तेवढं मानत नव्हते. रेडिओ इतका मोठा लावायचे की शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायची. एमेशे, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी बायको, डॉक्टरचं नाव काढायची तेव्हा ते म्हणायचे, "रानातलं मला सगळं ऐकू येतं. बायकांची कटकट तेवढी ऐकू येत नाही. मग बिघडलं कुठे?"

त्यात थोडं खरंही होतं. झाला परगण्यातल्या आमच्या टेकड्यांवर सप्टेंबरात हरणांचे नर माजावर आले की पहाटे सगळी दरी डुरकायला लागते. तो आवाज खर्जातला, पोटातून निघालेला. तो त्यांना स्वच्छ ऐकू यायचा. काटकी मोडली, पाखरू उडालं, कुणी शीळ घातली, ते मात्र नाही.

पंचेचाळीस वर्षं त्यांनी या जंगलाची राखण केली होती. त्यांच्यानंतर ते काम माझ्याकडे आलं. नराला हाक घालावी तर वेन्देलबाबांनीच. बैलाच्या शिंगाचा कर्णा तोंडाला लावून ते अशी डुरकी द्यायचे की समोरचा नर चवताळून झाडं ओरबाडत यायचा. ती कला त्यांनी मला शिकवली, पण त्यांच्यासारखी मला साधली नाही.

त्या वर्षी शिकार मंडळाने त्यांना मान म्हणून एका नराच्या शिकारीचा परवाना दिला. साधासुधा नर नव्हता तो. आम्ही त्याला मुका म्हणायचो, कारण ऐन माजातसुद्धा तो क्वचितच तोंड उघडायचा. दुसरे नर डुरकत धावून यायचे. हा वाऱ्याच्या खालच्या अंगाने गुपचूप यायचा, झाडामागून बघून घ्यायचा आणि निघून जायचा. चार वर्षांत सात पाहुणे शिकारी मी त्याच्यामागे फिरवले. एकालाही बंदूक खांद्याला लावायची वेळ आली नाही.

आदल्या संध्याकाळी एमेशेने मला मागच्या अंगणात गाठलं. बाबांना नजरेआड करायचं नाही, असं तिने मला बजावलं. मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा हो म्हणालो. तरी तिचा चेहरा काही सैल पडला नाही.

पहाटे पाचला आम्ही गाडी जंगलरस्त्यावर सोडली. दरीत धुकं होतं. ठरलं ते असं: बाबांनी रानातल्या मोकळ्या जागेच्या, मोकळवणाच्या, खालच्या टोकाला मचाणावर बसायचं. मी वर टेकडीच्या धारेवर बसून दुर्बिणीने टेहळणी करायची. हाक कुणीच घालायची नाही. मुका हाकेला फसत नाही, उलट सावध होतो. बाबांनी त्यांचा कर्णा घरीच खुंटीला ठेवलेला मी पाहिला होता. माझा गळ्यात होता, तो सवयीने.

मचाणाखाली मी त्यांना कानाशी लागून सांगितलं की मी स्वतः येऊन उतरवेपर्यंत खाली यायचं नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे पाचव्यांदा सांगताय. मी काय कुकुलं बाळ आहे?"

ते शिडी चढून वर जाईपर्यंत मी थांबलो आणि मग निघालो. म्हणजे एमेशेला दिलेला शब्द मी पहिल्या अर्ध्या तासातच मोडला. मचाणावरचा माणूस कुठे जाणार आहे, असं मी स्वतःला समजावलं.

धारेवर पोचलो आणि तासाभरात वारा फिरला. आधी तो तोंडावर होता, आता मानेला लागायला लागला. माझा वास सरळ मोकळवणात उतरत होता. तिथेच बसून राहिलो असतो तर बाबांची सकाळ मीच वाया घालवली असती. फोनला तिथे रेंज नसते. मी पूर्वेच्या घळीत उतरलो, चांगला अर्धा किलोमीटर. वाऱ्याची अडचण गेली, पण आता मी कुठे आहे हे बाबांना माहीत नव्हतं.

घळीत एक डबकं होतं. त्यात कुणी नर नुकताच लोळून गेला होता. गढूळ पाणी अजून निवळलं नव्हतं आणि काठावर तळहाताएवढे खूर उमटले होते. ते बघून माझ्या डोक्यात काय शिरलं, ते आज नीट सांगता येत नाही. वाटलं, एकदाच हाक द्यावी. मुका इथे असेल तर बिथरून मोकळवणाकडे सरकेल आणि बाबांच्या समोर जाईल. मी कर्णा उचलला आणि हलकी डुरकी दिली.

अर्ध्या तासाने, मी निघायच्या बेतात असताना, उजवीकडून उत्तर आलं.

आवाज म्हाताऱ्या नराचा होता. खोल, आळसावलेला, शेवटी दोनदा खोकल्यासारखा. बाबांचं मचाण डावीकडे होतं, त्यामुळे उजवीकडे माणूस असेल हे मनातही आलं नाही. मी बीच झाडाच्या एका जाड खोडाआड गुडघ्यावर बसलो आणि पुन्हा हाक घातली. उत्तर जवळ आलं. धुक्याने पानं ओली झाली होती, त्यामुळे पावलं वाजत नव्हती. आवाज तेवढा पुढे पुढे येत होता आणि मध्ये लांबच लांब शांतता. मी बंदूक खांद्याला लावली. इतक्या वर्षांत शेकडो नर पाहिले, पण इतका उतावळा मी कधी झालो नव्हतो.

पन्नास पावलांवर हेझलच्या झुडपांत काहीतरी तपकिरी हललं.

शिंगं दिसल्याशिवाय आणि पूर्ण धड दिसल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तरी मी बंदुकीची सुरक्षेची कळ सरकवली. बंदुकीवरच्या दुर्बिणीतली फुली त्या तपकिरी डागावर ठेवली. बोट चापावर गेलं. शिंगं आता दिसतील, मग दिसतील, असं वाटत होतं. खरं सांगायचं तर एका वरच्या फांदीला मी मनातल्या मनात शिंग ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक फिरून त्या बाजूने आली. माजावरच्या नराचा वास इतका उग्र असतो की वीस पावलांवरून नाक मुरडावं लागतं. मला तो आला नाही. मला आला तो कापराच्या मलमाचा वास. बाबा रोज सकाळी गुडघ्यांना ते मलम चोळतात.

बोट चापावरून काढायला मला किती वेळ लागला कोण जाणे. ते बोट माझं नाहीच, असं वाटत होतं. आणि मग त्या झुडपातला एक काळा ठिपका मला दिसला. ती बंदुकीची नळी होती आणि ती माझ्याकडे वळलेली होती.

मी मुळांमागे आडवा पडलो. पडताना माझा कोट हलला असणार, कारण नळी त्या दिशेला सरकली. "बाबा!" म्हणून मी ओरडलो. भीतीने आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. त्यांनी ऐकला नाही. उलट झुडपातून पुन्हा ती खोल डुरकी आली, मला बाहेर काढण्यासाठी. उठून उभं राहावं तर तपकिरी कोट धुक्यात उठला असता, आणि मी आत्ता जे करणार होतो तेच त्यांनी केलं असतं. पळालो असतो तरी तेच. पुन्हा ओरडलो, शीळ घातली. काही उपयोग झाला नाही. एमेशेला हे कोण सांगणार, एवढाच विचार डोक्यात घुमत होता.

मग हाताला कर्णा लागला. तो तोंडाशी धरला, छातीत दम भरला आणि जमेल तेवढ्या खालच्या आवाजात त्यात बोललो. "वेन्देलबाबा. मी अम्ब्रुश. गोळी काढा."

काही हललं नाही. मी पुन्हा तेच म्हटलं, आणखी सावकाश, एकेक शब्द तोडून.

बऱ्याच वेळाने झुडपातून रोजच्यासारखा आवाज आला. "अम्ब्रुश? तू इथे काय करतोयस? तू तर वर असायला हवास."

मी उठलो नाही. गोळी काढल्याचा आवाज येईपर्यंत तसाच चिखलात पडून राहिलो, मग माझीही काढली. त्यांच्यापर्यंत गेलो तेव्हा ते ओल्या पानांत बसले होते. शेजारी कंदिलाची जुनी काच पडली होती. कर्णा घरी ठेवून त्यांनी ती कोटाच्या खिशात लपवून आणली होती आणि तिच्यातून डुरकत होते. माझी पहिली डुरकी त्यांनी मचाणावरून ऐकली होती, मुका समजून खाली उतरले होते आणि वारा सांभाळत मोठा वळसा घेऊन उजवीकडून आले होते. शिकारी म्हणून त्यांचं एकही पाऊल चुकलं नव्हतं.

त्यांनी कुपीतली आलुबुखाराची दारू माझ्यापुढे धरली. दोघांनी एकेक घोट घेतला.

"नेम धरला होतास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बोट?"

"चापावर."

त्यांनी मान हलवली. "माझंही," म्हणाले. मग आम्ही गाडीकडे निघालो.

दुपारी एमेशेने घेवड्याचं सूप वाढलं. मी वाडग्याकडे बघत बसलो. बाबांनीच सुरुवात केली. मला ऐकू येत नाही, मी मचाण सोडलं, अम्ब्रुशवर बंदूक रोखली, त्याने ओळखलं म्हणून निभावलं, असं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. माझ्या बंदुकीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी जागा सोडली, मी हाक घातली, हेही नाही. सांगून झाल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी पावाचा तुकडा मोडला.

ते मला वाचवत होते. आणि मला तसं वाचायचं होतं, हे मी कबूल करतो. दोन-तीन घास मी तसेच खाल्ले. एमेशे वडिलांच्या हातावर हात ठेवून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जे आभार होते ते मला सोसवले नाहीत.

"माझंही बोट चापावर होतं," मी म्हणालो. "आणि बाबांच्या आधी मी जागा सोडली. हाकही मीच घातली."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने उठून शेगडी बंद केली आणि बाहेर जाऊन बराच वेळ तारेवरचे कपडे काढत राहिली. ते अजून ओले होते. परत आली तेव्हा तिने बाबांना म्हटलं की सोमवारी डॉक्टरकडे जायचं, आणि त्यावर चर्चा नाही. मग माझ्याकडे वळली.

"तुझं काम आहे, तू रानात जा. पण मला पुन्हा कसलाही शब्द देऊ नकोस. मी पुन्हा विश्वास ठेवून बसेन."

कित्येक आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. बाबांनी आपली बंदूक मंडळाकडे जमा केली. मुक्याला त्या हंगामात कुणीही पाहिलं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस बाबांना कानाचं मशीन मिळालं. भांड्यांच्या आवाजाने ते दोन दिवस वैतागले होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, चल, जरा रानात फिरून येऊ. ऊन पडलं होतं आणि बीचची पानं वाळून खाली पडली होती. दहा-बारा पावलं चालून ते थबकले, पायाकडे बघितलं आणि पुन्हा दोन पावलं टाकली.

"पानं एवढी वाजतात?" त्यांनी विचारलं.

"वाजतात, बाबा."

"कधीपासून?"

मी हसलो, पण ते हसले नाहीत. तिथेच एका पडलेल्या खोडावर बसले.

"इतकी वर्षं मला वाटायचं," ते म्हणाले, "की हरणंच हुशार झालीत."