कल्लप्पाचा डावा हात

धोंडीराम मास्तर आणि कल्लप्पा यांचं भांडण सोलापुरातल्या त्यांच्या चर्चच्या मंडळीला पाठ होतं, कारण ते डोळे मिटून व्हायचं. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरे. प्रार्थना करणाऱ्याला मधे तोडायचं नसतं, ही सोय दोघांनी पुरेपूर वापरली. मास्तर उपासनेला पेटी वाजवत, ती सुसाट. कल्लप्पा गीताची ओळ सगळ्यांच्या मागून एकटाच संपवी. मग बुधवारी तो हात जोडून म्हणे, "प्रभू, पेटीवाल्यांना वाईच धीर दे." लगेच मास्तर सुरू होत, "बापा, वळसंगची गाडी एकदा तरी वेळेवर पोचू दे." कल्लप्पा वळसंगचा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. आमेन झालं की दोघं न बोलता एकाच ताटलीतला चिवडा खात.

यंदा थंडी सरता सरता मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरले. जीभ तर सगळ्यांत आधी पूर्ववत झाली; त्याबद्दल वैजयंतीबाईंनी देवाचे आभार मानले, पण नवऱ्याची जीभ त्या चांगली ओळखून असल्यामुळे आवाजात फार उत्साह नव्हता. डावा हात मात्र उशीवर ठेवला की उशीवरच राही. उजव्यानं सूर दाबता येत होते, भाता मारायला डावा नव्हता. भात्याशिवाय पेटी म्हणजे नुसतं लाकूड.

ईस्टर तोंडावर आला. यंदा गीतं मोबाइलवर लावू या, असं पाळकसाहेबांनी भीत भीत सुचवलं. मास्तरांनी उजव्या हातानं त्यांना दार दाखवलं. बायको म्हणाली, कुणाला तरी मदतीला घ्या. त्यावर त्यांनी विचारलं, मी काय भीक मागू? रोज पहाटे गच्चीवर जाऊन ते देवाकडे डावा हात मागत होते. तक्रार नव्हती, फक्त ईस्टरच्या तारखेची आठवण करून देत.

ईस्टरआधीच्या शेवटच्या बुधवारी सभा त्यांच्याच घरी होती. कोपऱ्यात पेटी, तिच्यावर चादर. मास्तरांची पाळी आली. त्यांनी डोळे मिटले, पण तयार करून ठेवलेला टोमणा ओठांवर येईना.

"बापा," ते म्हणाले, "मी थकलो. हात देत नसशील तर राहू दे. पण मला मागायला शिकव. एकट्यानं जमत नाही मला."

मग मंडळीच्या इतिहासात पहिल्यांदा कुणीतरी आमेनच्या आधी तोंड घातलं.

"मास्तर," कल्लप्पा डोळे सताड उघडे ठेवून म्हणाला, "गिअर टाकून टाकून माजा डावा लई तयार हाय. भाता मी मारतो की."

मास्तरांनी बघितलं. मागितला होता स्वतःचा हात, आला होता कल्लप्पाचा, केसाळ, मनगटात तांब्याचं कडं घातलेला. वर काहीतरी घोटाळा झाला असावा, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी मान डोलावली.

ईस्टरला दोघं पेटीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसले. पहिल्याच गीताला मास्तर सवयीनं सुटले. कल्लप्पा आपल्या चालीनं भाता मारत होता. पेटीला धाप लागली.

"घाट हाय," तो पुटपुटला. "दमानं घ्या."

वारा त्याच्या ताब्यात, मास्तर काय करणार? त्यांनी वेग उतरवला. आणि तेव्हा त्यांना ऐकू आलं. पुढच्या बाकावरच्या सिद्धम्माआजींची ओळ इतकी वर्षं निम्म्यात राहायची, त्या आज शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्या. सगळी मंडळी एकाच वेळी थांबली, कल्लप्पासकट. मास्तरांचे डोळे भरले. उजवा हात सुरांवर, पुसणार कशानं? कल्लप्पानं भाता न सोडता खांद्यावरच्या टॉवेलानं ते पुसले.

पुढच्या बुधवारी वैजयंतीबाईंनी सांगितलं की मास्तरांची बोटं जराशी हलू लागलीत. सगळ्यांनी आभार मानले. कल्लप्पानं डोळे मिटले.

"प्रभू, मास्तरांचा हात बरा कर," तो म्हणाला, "पण घाई करू नगंस."

सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं ते मास्तरांनी.